आरमाराचे कान

आरमार म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम तोफा उभ्या राहतात. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांच्या कथा ऐकत आपण वाढलों, आणि आरमारी शिपाई म्हणजे तोफेला बत्ती देणारा किंवा वादळांत शीड आवरणारा दणकट गडी, हें चित्र आपल्या मनांत कायमचें बसलें. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत आरमाराच्या पोटीं एक निराळाच शिपाई जन्माला आला. तो तोफेला हात लावीत नाहीं. पुष्कळदां त्याला समुद्रहि दिसत नाहीं. जहाजाच्या पोटांतील एका लहानशा कोठडींत, कानाला यंत्र लावून आणि हातांत पेन्सिल धरून तो बसे व ऐके. आज त्याच्या पुढ्यांत पेन्सिलीऐवजीं संगणक आला आहे. अमेरिकन आरमारानें विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘रेडिओमन’ हें त्याचें जुनें नांव काढून माहितीतंत्राचा जाणकार अशा अर्थाचें नवें नांव त्याला दिलें. भारतीय नौदलासाठीं तर ३० ऑगस्ट २०१३ रोजीं ‘रुक्मिणी’ या नांवानें ओळखला जाणारा स्वतंत्र उपग्रहच आकाशांत गेला. नांव पालटलें, साधनें पालटलीं. काम मात्र तेंच राहिलें. सेनापतीचा शब्द जहाजापर्यंत आणि जहाजाचा शब्द सेनापतीपर्यंत न चुकतां, न सांडतां आणि शत्रूच्या कानीं न पडतां पोंचविणें, हें तें काम.

या शिपायांची जी कथा मला आज सांगावयाची आहे, ती आपल्या मुंबईंत, कुलाब्यास घडली. १९४६ च्या फेब्रुवारींतील नाविकांचा उठाव श्रोत्यांना ठाऊक आहे. पण तो तोफखान्याच्या शाळेंत सुरू न होतां संदेशविद्या शिकविणाऱ्या शाळेंत कां सुरू झाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

संदेश पोंचविणारा मनुष्य हा नुसता हमाल नसतो, हें आरमारांत फार पूर्वीं दिसून आलें होतें. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रॅफल्गारच्या लढाईच्या तोंडावर नेल्सननें आपल्या ताफ्याला निशाणांनीं एक वाक्य कळवावयास सांगितलें. प्रत्येक जण आपलें कर्तव्य करील असा इंग्लंडला भरंवसा आहे, असा त्याचा आशय होता. निशाणांचें काम पाहणारा लेफ्टनंट जॉन पास्को यानें विनंति केली कीं, ‘भरंवसा’ या शब्दाच्या जागीं ‘अपेक्षा’ हा शब्द घालूं द्यावा. कारण तो सांकेतिक कोशांत तयार आहे आणि पहिला शब्द एकेक अक्षर करून चढवावा लागेल. नेल्सननें तत्काळ संमति दिली. जगाच्या तोंडीं असलेलें तें वाक्य अशा रीतीनें सेनापति आणि त्याचा निशाणवाला अशा दोघांचें आहे. इतिहासकार त्यांतील एकाचें नांव तळटीपेंत घालतात, ही गोष्ट निराळी.

पण निशाण दिसेल तेथपर्यंतच बोलतें. धुकें पडलें, रात्र झाली, कीं तें मुकें. ही अडचण बिनतारी विद्येनें दूर केली. ब्रिटिश आरमारांतील कॅप्टन हेन्री जॅक्सन यानें १८९५-९६ च्या सुमारास डेव्हनपोर्ट येथील ‘डिफायन्स’ या शिक्षण-नौकेवर प्रयोग केले. १८९९ च्या आरमारी कवायतींत मार्कोनीचीं यंत्रें तीन जहाजांवर बसविण्यांत आलीं. आणि २७ मे १९०५ च्या पहाटे जपानच्या ‘शिनानो मारू’ या टेहळणी जहाजानें रशियन आरमार पाहतांच बिनतारी संदेश सोडला व ॲडमिरल टोगो त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत त्याच्या समाचारास सज्ज झाला. त्या लढाईनंतर बिनतारीवांचून आरमार ही कल्पनाच मावळली.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हें काम किती नाजुक झालें होतें, याची थोडी कल्पना दिली पाहिजे. समुद्रावर असतां जहाजानें बिनतारीवरून एक शब्द जरी उच्चारला तरी शत्रूचीं दिशाशोधक यंत्रें त्याची जागा हुडकून काढीत. म्हणून जहाज मौन पाळी. किनाऱ्यावरील मोठें ठाणें सर्व जहाजांना उद्देशून संदेश सोडी. पोंच मात्र कोणी द्यावयाची नाहीं. मग सर्व संदेश हातीं आले हें जहाजाला समजावयाचें कसें? त्यासाठीं प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असे. चौऱ्याहत्तरानंतर एकदम शहात्तर आला कीं ऐकणाऱ्याच्या काळजांत धस्स होई. मधला पंचाहत्तर कोठें गेला? कदाचित् पाणबुडीची सूचना त्यांतच असेल!

शिवाय संदेश साध्या भाषेंत नसत. अक्षरांचे किंवा आंकड्यांचे निरर्थक पुंजके येत, आणि ती अर्थशून्य माळ मिनिटाला वीस-बावीस शब्दांच्या वेगानें, विजेच्या खरखरींतून व परक्या ठाण्यांच्या गोंगाटांतून निवडून उतरून घ्यावी लागे. अर्थ लागत असेल तर चुकलेलें अक्षर तर्कानें भरून काढतां येतें; येथें तर्काला वावच नाहीं. चार चार तासांची पाळी. मग रात्र असो, जहाज डोलत असो कीं पोटांत ढवळत असो. तें ‘कट्ट कडकट्ट’ झोंपेंतहि कानांत घुमत राही. यांत एक मौज अशी कीं, कळ दाबण्याची प्रत्येकाची लकब वेगळी असते. जिन्यावरच्या पावलांवरून घरांतील माणसें जशीं आपण ओळखतों, तसा मुरलेला तारायंत्री दहाबारा अक्षरें ऐकून पलीकडे कोण बसला आहे तें सांगूं शके. ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नाहीं, अशा माणसांची ही ओळख असे.

अशा कामाला दंडांतील बळ पुरत नाहीं. त्याला शिक्षण लागतें. आणि येथेंच आपल्या कथेचें मूळ आहे.

‘रॉयल इंडियन नेव्ही’ हें नांव हिंदी आरमाराला १९३४ सालीं मिळालें. १९३९ सालीं महायुद्धाला तोंड लागलें तेव्हां त्याचीं सारीं माणसें दोन हजारांच्या आंतबाहेर होतीं. युद्ध संपतांना हा आंकडा तीस हजारांच्या घरांत गेला. पूर्वीं खलाशी घ्यावयाचे ते मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोंकणी मुसलमानांतून आणि पंजाबी मुसलमानांतून. युद्धाच्या धांदलींत हा रिवाज मोडला. बंगाल, मद्रास, संयुक्त प्रांत, मुंबई, सर्व बाजूंनीं इंग्रजी शिकलेलीं तरुण मुलें येऊं लागलीं, आणि त्यांतलीं शिक्षणांत बरीं असतील तीं बिनतारीकडे धाडण्यांत येऊं लागलीं. भरतीच्या वेळीं त्यांना पगाराचीं, बढतीचीं आणि पुढील नोकरीचीं मोठमोठीं आश्वासनें मिळालीं होतीं.

कुलाब्याच्या ‘तलवारी’वर हीं मुलें शिकत. ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप तलवार’ असें तिचें पूर्ण नांव. पण ही तलवार पाण्यावर कधीं तरंगली नाहीं. किनाऱ्यावरील बराकींना जहाजाचें नांव द्यावयाचें, जमिनीला ‘डेक’ म्हणावयाचें आणि फाटकाबाहेर जाणें म्हणजे ‘किनाऱ्यावर उतरणें’, अशी इंग्रजी आरमाराची एक गमतीदार परंपरा आहे. हजाराहून अधिक संदेशवाहक तेथें राहत. येथून शिकून बाहेर पडलेला कोणी ना कोणी जवळजवळ प्रत्येक हिंदी युद्धनौकेच्या बिनतारी कोठडींत बसलेला असे.

आतां या मुलांची स्थिति पाहा. साम्राज्याच्या गुप्त संदेशांवर त्यांचा हात. पण ताटांत येई तें खड्यांनीं भरलेला भात आणि पाण्यासारखी डाळ. त्याच कोठडींत त्याच यंत्रावर काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाचा पगार अधिक, जेवण वेगळें, मान वेगळा. आणि हीं मुलें वाचणारीं होतीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले सुरू झाले. त्यांतील शब्दन् शब्द वर्तमानपत्रांतून येत होता. ज्याला वाचतां येतें म्हणून नेमलें, त्यानें फक्त हुकूमच वाचावा, अशी सरकारची अपेक्षा होती. ही अपेक्षा पुरी होण्यासारखी नव्हती, असें मला वाटतें. पण सत्तेला ही साधी गोष्ट बहुधा उशिरां समजते.

बलाईचंद्र दत्त हा बंगाली तरुण १९४१ सालीं आरमारांत शिरला होता. युद्धांत तारायंत्र्याचें काम करून तो ‘तलवारी’वर आला, आणि त्यानें व त्याच्या थोड्या सोबत्यांनीं गुप्तपणें काम सुरू केलें. १ डिसेंबर १९४५ हा आरमार-दिन होता. मुंबईचे नागरिक पाहावयास येणार म्हणून सगळीकडे रंगरंगोटी झाली होती. सकाळीं पाहतात तों ‘चले जाव’ आणि ‘जय हिंद’ या घोषणांनीं भिंती रंगलेल्या! पुढें २ फेब्रुवारी १९४६ रोजीं सरसेनापति ऑकिनलेक यांची भेट ठरली होती. त्या सुमारास तोच उद्योग करतांना दत्त सांपडला. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. उलट आपण राजकीय कैदी असल्याचें सांगितलें.

या ठाण्यावरील मुख्य अधिकारी कमांडर किंग हे ८ फेब्रुवारीला बराकींत शिरले आणि तोंडाला येईल तशी शिवीगाळ करून निघून गेले. शिव्या ‘हमालांची पोरें’ या जातीच्या, आणि त्याहून वाईट होत्या. मुलांनीं नियमाप्रमाणें लेखी तक्रारी केल्या. त्यांचा निकाल लागेना. १८ फेब्रुवारीच्या सकाळीं त्यांनीं न्याहारीला हात लावला नाहीं व कामावर जाण्यास नकार दिला. ‘अन्न नाहीं तर काम नाहीं’ ही त्यांची पहिली घोषणा.

येथें इतिहासाची एक विलक्षण थट्टा सांगितली पाहिजे. त्या वेळीं हिंदी आरमाराचे प्रमुख होते व्हाइस-ॲडमिरल जॉन गॉडफ्रे. हे गृहस्थ १९३९ पासून १९४२ पर्यंत ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता-विभागाचे संचालक होते. पुढें जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिणारा इयान फ्लेमिंग त्यांचाच मदतनीस होता, आणि त्या कथांतील ‘एम’ हा प्रमुख गॉडफ्रे यांच्यावरून बेतला असें मानतात. जर्मन आरमारांत काय शिजतें आहे याची खबर ठेवणाऱ्या या माणसाला कुलाब्याच्या आपल्याच शाळेंत काय शिजत होतें, तें कळलें नाहीं. तेथें शिजत होती ती डाळ त्यांनीं एकदां चाखून पाहिली असती, तरी पुष्कळ समजलें असतें.

पुढील अठ्ठेचाळीस तासांत जें घडलें तें बिनतारी माणसांवांचून घडलेंच नसतें. ‘तलवारी’वरची बातमी मुंबई बंदरांतील जहाजांवर, कॅसल बराकींत, कराचीस, मद्रासेस, विशाखापट्टणास, कलकत्त्यास आणि अंदमानापर्यंत गेली. प्रत्येक जहाजावर ओळखीचा कान होता आणि त्या कानाला ओळखीचा हात ऐकूं येत होता. एकूण ७८ जहाजें, २० ठाणीं आणि सुमारें २०,००० नाविक उठावांत सामील झाले, असा आंकडा सामान्यतः दिला जातो. जहाजांवरील इंग्रजी निशाण उतरलें आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचें हिरवें निशाण व कम्युनिस्टांचें लाल निशाण एकाच डोलकाठीवर शेजारीं शेजारीं चढलीं. त्या वर्षीं देशांत तीं तीन निशाणें अशीं एकत्र क्वचितच दिसत, हें लक्षांत घ्यावें.

१९ तारखेला मध्यवर्ती संप-समिति निवडली गेली. तिचा अध्यक्ष एम. एस. खान हा संदेश-शाखेंतील, आणि उपाध्यक्ष मदन सिंग हा तारायंत्री. दोघेहि ऐन पंचविशीच्या आंतबाहेरचे. त्यांच्या मागण्यांची यादी वाचली म्हणजे मनाची ओढाताण स्पष्ट दिसते. किंगवर कारवाई करा, जेवण सुधारा, गोऱ्या खलाशांइतका पगार द्या, नोकरींतून लवकर मोकळें करा, येथपर्यंत ती नोकरांची तक्रार आहे. पण त्याच कागदावर, राजकीय कैद्यांना व आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना सोडा, इंडोनेशियांतून हिंदी सैन्य परत आणा, अशाहि मागण्या आहेत. टीकाकार म्हणतात, हा गोंधळ होता. मला तो गोंधळ वाटत नाहीं. जो दिवसभर दूरदूरचे संदेश ऐकतो, त्याला आपल्या ताटांतला खडा आणि जावा बेटांतली लढाई यांचा संबंध दिसणारच.

त्यांची खरी दुर्बलता निराळीच होती. सगळ्या आरमाराशीं बोलण्याचें साधन त्यांच्या हातीं होतें. देशाच्या पुढाऱ्यांशीं बोलण्याचें नव्हतें. अरुणा असफअलींनीं त्यांची बाजू उचलून धरली. पण मुंबईंत असलेल्या सरदार वल्लभभाई पटेलांचें मत स्पष्ट होतें: शस्त्रें खालीं ठेवा. उद्यां स्वतंत्र होणाऱ्या देशाला सैन्य लागणार आहे आणि सैन्यांतील शिस्तीशीं खेळतां येणार नाहीं, ही त्यांची भूमिका. गांधीजींनींहि या मार्गाला नापसंति दर्शविली. सरदारांचें म्हणणें निराधार होतें असें मी म्हणणार नाहीं. पण ज्यांना तें ऐकावें लागलें त्यांच्या मनाचें काय झालें असेल, याचाहि विचार व्हावयास हवा.

२० तारखेला पुष्कळ नाविक बराकींत परतले, आणि २१ तारखेला कॅसल बराकींभोंवतीं लष्कराचा वेढा पडून दोन्ही बाजूंनीं गोळीबार सुरू झाला. त्याच दिवशीं ॲडमिरल गॉडफ्रे मुंबईच्या नभोवाणीवरून बोलले. सरकारजवळ प्रचंड बळ आहे आणि तें पूर्णपणें वापरलें जाईल. मग ज्या आरमाराचा तुम्हांला अभिमान आहे त्याचा नाश झाला तरी हरकत नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. ज्या माणसांना आकाशांतील आवाज ऐकण्यासाठीं सरकारनें शिकवून तयार केलें, त्यांना सरकारनें अखेरची धमकी आकाशवाटेनेंच दिली.

त्या दिवशीं मुंबईकरांनीं जें केलें तें या शहरानें विसरूं नये. जहाजांवरचें अन्न संपत आलें आहे, हें कानावर येतांच लोक अपोलो बंदराकडे लोटले. कोणी पोळ्यांचीं भेंडोळीं आणलीं, कोणी फळांच्या टोपल्या. उपाहारगृहांच्या मालकांनीं आपलीं दारें उघडीं ठेवलीं. जहाजांवरून होड्या येत व तें अन्न भरून नेत, आणि पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई बंदुका घेऊन स्वस्थ पाहत उभे राहत. दुसऱ्या दिवशीं, २२ तारखेला, गिरणगांवानें काम बंद केलें. रस्त्यारस्त्यांत गोळीबार झाला. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून मरण पावली. त्या दोनतीन दिवसांत मुंबईंत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुतेक साधे नागरिक होते. कराचीस ‘हिंदुस्थान’ जहाज तोफांच्या माऱ्याखालीं शरण आलें होतें.

२३ फेब्रुवारीच्या सकाळीं समितीनें शरणागति पत्करली. आम्ही हिंदुस्थानला शरण जात आहों, ब्रिटनला नव्हे, असें त्यांनीं जाहीर केलें. काळीं निशाणें चढलीं. कोणावरहि सूड उगवला जाणार नाहीं असें आश्वासन सरदारांच्या तोंडून मिळालें होतें. तरी शेंकडों मुलांना मुलुंडच्या छावणींत अडकविण्यांत आलें आणि नंतर नोकरींतून काढून आपापल्या गांवच्या गाडींत बसविण्यांत आलें.

या उठावामुळेंच इंग्रज गेले, असें कांहीं जण आवेशानें सांगतात. लंडनमध्यें कॅबिनेट मिशनची घोषणा झाली ती १९ फेब्रुवारीला, म्हणजे संपाच्या दुसऱ्याच दिवशीं. त्यावरून हा तर्क निघतो. पण तें शिष्टमंडळ पाठविण्याचें तत्पूर्वींच ठरलें होतें. तारखा लागून आल्या म्हणून कार्यकारण जुळत नसतें. जी गोष्ट खात्रीनें सांगतां येते ती एवढीच कीं, हिंदी लष्करावर पूर्वीसारखा विसंबून राज्य चालवितां येईल हा भरंवसा त्या आठवड्यांत फार ढिला झाला.

सरकारनें पाटणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली. जेवण, पगार, वर्णभेदाची वागणूक आणि भरतीच्या वेळचीं खोटीं आश्वासनें, अशी जी हकीकत मुलें सांगत होतीं, तिला त्या चौकशींत मोठ्या प्रमाणावर दुजोरा मिळाला. तोंवर हीं मुलें देशाच्या कोनाकोपऱ्यांत पांगलीं होतीं. स्वातंत्र्यानंतर त्यांना आरमारांत परत घेण्यांत आलें नाहीं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळावयासहि दीर्घ काळ जावा लागला. मोर्स लिपि अस्खलित उतरून घेणाऱ्या त्या मुलांपैकीं कितीजण कोणत्या कचेरींत कोणत्या वह्या लिहीत म्हातारे झाले, याची नोंद कोठें नाहीं. बलाईचंद्र दत्त मुंबईंतच राहिले, आणि १९७१ सालीं त्यांनीं ‘म्यूटिनी ऑफ दि इनोसंट्स’ या नांवानें आपली हकीकत प्रसिद्ध केली.

कुलाब्यास या उठावाचें स्मारक उभें आहे. त्यापलीकडे नौदलानें आणखी एक गोष्ट केली, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. मोठ्या युद्धनौकांना धक्क्यापासून ओढून खोल पाण्यांत नेणाऱ्या ज्या लहान, ठेंगण्या, मजबूत नौका असतात, त्यांपैकीं दोघींना या दोन तारायंत्र्यांचीं नांवें दिलीं: एकीला मदन सिंग आणि दुसरीला बी. सी. दत्त.